खोली वाढवा

अमरावती,
चैत्रातला एक रविवार, भर दुपार, कूलरसमोर बसून

तीर्थस्वरूप ताराताईंच्या पायांशी,

संध्याचा नमस्कार. (पायांशी हे सवयीनं लिहून गेले. तुमच्या गुडघ्यांची सध्याची अवस्था ठाऊक असल्यामुळे नमस्कार लांबूनच करते आहे, हात लावत नाही.) मनगटाचं प्लास्टर निघालं हे कळलं, बरं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेला रबरी चेंडू दाबता की तो तानुबाईच्या नातवाला खेळायला देऊन टाकला? तानुबाई कामाला वेळेवर येते ना? अकोल्याचं ऊन यंदा आमच्यापेक्षा वरचढ आहे असं पेपरात वाचलं. ह्या बाबतीत अकोला दरवर्षी आमच्यावर मात करतं, त्याबद्दल तुमचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. घरही बरंचसं जागेवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं. ताई, फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. तुमचे धाकटे बंधू निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरातच असतात आणि मी फोन उचलला की त्यांना नेमकं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून नखं कापायची असतात. तिकडे तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, त्यामुळे मी बोलते ते तुमच्या जठारपेठेतल्या अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. शिवाय पोस्टाच्या खिडकीमागे जन्म काढलेल्या बाईला तिकीट चिकटवल्याशिवाय मन मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. तेव्हा हे पत्र सावकाश, एकटीनं आणि मनातल्या मनात वाचावं ही विनंती.

मुद्दा तुमच्या राहण्याचाच आहे. संक्रांतीच्या आधी तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि तानुबाई येईपर्यंत तशाच पडून राहिलात, त्या दिवसापासून ह्या घरात दुसरा विषय नाही. तुम्ही एकटीनं राहायचं नाही, आमच्याकडे यायचं, इथपर्यंत आपल्या तिघांचं एकमत आहे. गाडी अडली ती कुठे राहायचं ह्यावर. घरात निजायच्या दोनच खोल्या. एक आमची. दुसरी दर्शनी, पूर्वेची, हवेशीर, न्हाणीघर खेटून असलेली, आणि जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली. त्या खोलीतली पुस्तकं हलवायची नाहीत हा यांचा नियम आहे. (माझं माहेर मोर्शीचं. माझे वडील संत्र्यांच्या बहारात आम्हाला भेटायला येत, ते त्या पुस्तकांमुळे हॉलमधल्या सोफ्यावर निजत. जाताना दरवेळी एक करंडी संत्री ठेवून जात आणि जावयांना म्हणत, ग्रंथांनाही एखादं द्या.) मग तुमच्यासाठी काय उरलं, तर तळघर.

तळघर तुम्हाला माहीत आहे. प्लॉट रस्त्यापेक्षा खोलगट निघाला आणि मुरूम टाकून भरून काढायचा मामंजींना कंटाळा आला, म्हणून ते झालं. त्याचा आजवरचा उपयोग म्हणजे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तिथे आमचे कूलर राहतात. कूलर राहू शकतात तर अक्का का नाही, असा एकदा यांच्या मनात विचार आला आणि विचार आला की तो व्याख्यान होऊनच बाहेर पडतो. अमरावतीतली सगळ्यांत थंड जागा, ओल म्हणाल तर नावाला नाही, वाळवी तिकडे फिरकत नाही, एखादी वस्तू तिथे ठेवली तर पन्नास वर्षांनी जशीच्या तशी निघेल, हे सगळं त्यांनी तुम्हाला फोनवर ऐकवलं. अजिंठ्यापर्यंत गेले. भिक्षू काय वेडे होते म्हणून लेण्यांत राहिले, असं तुम्हाला विचारलं. त्यावर तुम्ही, थे भिक्षू होते, त्यायचे गुडघे धड होते, मले काय जित्तेपनीच पुरून राहिला का बापू, असं म्हणून फोन ठेवलात. मी तेव्हा पोळ्या लाटत होते. लाटणं बाजूला ठेवून मी पदरात तोंड घालून हसून घेतलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पण बापूसाहेब हरणारे नव्हेत. (सगळं गाव त्यांना बापूसाहेब म्हणतं म्हणून पत्रात मीही म्हणते, तेवढीच वजनाला भर.) ते स्वतः अकोल्याला आले, आठवडाभर तुमच्याकडे राहिले, तुमच्या हातच्या गोळाभातावर वजन वाढवून घेतलं. इकडे नत्थुजी मिस्त्री तळघराला प्लास्टर करायला लागलेच होते. नत्थुजींना तुम्ही पाहिलेलं नाही. बोलण्यात एकदम पक्का गडी. गालात तंबाखूचा खर्रा, कानावर पेन्सिल आणि कोणत्याही प्रश्नाला 'होऊन जाते ना' हे उत्तर. काम मात्र 'होऊन जाते'पाशीच बराच वेळ थांबतं. यांचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही, कारण यांची भाषा. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवल्यामुळे इंग्रजी शब्द यांच्या तोंडून निघत नाही, आणि दुसऱ्याच्या निघाला तर हे तो दुरुस्त करून परत देतात. फ्रिजला आमच्याकडे शीतकपाट म्हणावं लागतं, मोबाइलला भ्रमणध्वनी. कामाच्या सुरुवातीला हे स्वतः हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि 'वज्रचूर्ण हवं आहे' म्हणाले. वज्रचूर्ण म्हणजे सिमेंट. दुकानदारानं अदबीनं त्यांना शेजारच्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात पाठवलं. तिथल्या माणसानं आधी पोट साफ होतं का ते विचारलं आणि मग एक डबी दिली. ती डबी अजून घरात आहे. गुण चांगला आहे, तुम्हाला हवी असल्यास पाठवते.

अशा माणसानं तुमच्या ओसरीवर उभं राहून नत्थुजींना फोन केला. त्याच्या आदल्या रात्री तुम्ही म्हणाला होतात की तुझं तळघर म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, त्यात माझी खाटसुद्धा मावणार नाही. ते यांना लागलं. व्हरांड्याच्या खालून बागेपर्यंत जागा वाढवली, खिडकी काढली, तर अक्का नाही म्हणणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आता हे सगळं सरळ सांगायचं. पण नाही. तुम्ही तो फोन ऐकला असेलच. 'नत्थुजी, खोली अपुरी आहे. खोली वाढवा. जितकी वाढवता येईल तितकी वाढवा. भिंतींना धक्का लागता कामा नये. आणि लवकर करा, माझी थोरली बहीण तिथे राहायला येणार आहे.' एवढं बोलून, भिंती म्हणजे वरच्या घराच्या हे न सांगताच, त्यांनी फोन ठेवला आणि तुमच्याकडे दुसऱ्यांदा गोळाभात मागितला.

ताई, तुम्हीच सांगा. 'रूम मोठी करा' म्हणाले असते तर नत्थुजींनी रूम मोठी केली असती. आमची कामवाली रूम म्हणते, दूधवाला रूम म्हणतो, वलगावच्या शेतातल्या मजुरांच्या झोपडीलाही मालक रूम म्हणतात. पण यांना खोलीच वाढवायची होती. भिंतींना धक्का न लावता खोली वाढवायची म्हटल्यावर नत्थुजींना एकच दिशा उरली, ती खालची. मी त्या वेळी वलगावला होते. माझ्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं होतं. त्यामुळे मला काहीच कल्पना नव्हती. परत आले तेव्हा फाटकाशी काळ्या मातीचा एवढा ढीग की घराचं नाव झाकलं गेलेलं. गल्लीत दोन पक्ष पडले होते. एका पक्षाच्या मते आम्ही विहीर खणत होतो. दुसऱ्या पक्षाच्या मते मामंजींनी सोनं पुरून ठेवलेलं आम्हाला सापडलं होतं. ह्या पक्षाच्या बायका त्या दिवसांत माझ्याशी फार गोड बोलल्या. ढीग हळूहळू आपोआप कमी होत गेला, कारण जो तो कुंड्यांसाठी माती घेऊन जायचा आणि जाताना ती बोटांनी चिवडून बघायचा.

नत्थुजींनी एक काम मात्र नीट केलं. भिंतींच्या पायाला हात लावायचा नाही म्हणून चारही बाजूंनी रुंद कट्टा सोडला आणि मधोमध खणत गेले. खणताना ते अधूनमधून वर येऊन मान हलवत. बाई, त्यांनी मला विचारलं, इतक्या खोलात बुढीले काहून ठेवून राहिले सर? थे निंघन कशी? (बुढी म्हणजे तुम्ही. रागावू नका, त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही.) मी म्हटलं, मोठ्या लोकांचे विचार खोल असतात. ते म्हणाले, होऊन जाते ना.

मग बापूसाहेब परतले. उन्हातून, घामाघूम, बसमध्ये शेजारच्या माणसाची वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन आलेले. चहासुद्धा न घेता तळघराकडे गेले. खालचा दिवा काढून ठेवलेला होता. पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ, म्हणून ते न बघता उतरत होते आणि उतरता उतरता मला सांगत होते की अक्काची खाट उत्तरेकडे नको, पूर्वेकडे ठेवू. शेवटच्या पायरीनंतर जमीन असते असा त्यांचा समज होता. तो समज घेऊन ते कट्ट्यावरून पुढे गेले. 'पूर्वेकडे' हा शब्द वर सुरू झाला आणि बराच खाली जाऊन संपला. सुदैवानं खाली भुसभुशीत माती होती आणि तिच्यावर नत्थुजींचा माणूस जेवण करून आडवा झाला होता, त्याच्या बाजूलाच हे पडले. कुणालाही लागलं नाही. त्या माणसानं मात्र दुसऱ्या दिवसापासून वामकुक्षी झाडाखाली घ्यायला सुरुवात केली.

मग खालून आवाज आला, संध्या, खोली कुठे आहे? मी काही बोलायच्या आत नत्थुजी कट्ट्यावर उकिडवे बसून म्हणाले, हे का सर, तुमी जिच्यात उभे हाये थेच. अजून वाढवाची असन तर सांगा, पन खाली मुरूम लागला, आता मशीन लागन. शिडी लावून यांना वर काढलं. वर आल्यावर ते तडक दर्शनी खोलीत गेले आणि जाडा शब्दकोश घेऊन आले. खोली ह्या शब्दाचे दोन अर्थ त्यांनी नत्थुजींना मोठ्यानं वाचून दाखवले. एक दालन, दुसरा गहिरेपणा. नत्थुजींनी लक्ष देऊन ऐकलं, खर्रा दुसऱ्या गालात घेतला आणि म्हणाले, म्हंजे दोन्ही बराबर हाये ना सर? मंग मी चुकलो कुठं? तुमाले रूम पायजे होती त रूम म्हनाचं. ताई, त्यानंतर जे झालं ते मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाहिलं नव्हतं. यांची मान वर झाली आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, रूम, रूम, रूम. समोरच्या घरातला पियुष धावत आला. त्याला वाटलं काहीतरी कोसळलं.

पियुष सिव्हिल इंजिनीअर आहे. (बापूसाहेब त्याला स्थापत्य अभियंता म्हणतात. तो बिचारा कुणाचा फोन आहे हे कळेपर्यंत 'हॅलो'ऐवजी 'बोला' म्हणतो, आमच्या शेजाराचा परिणाम.) त्यानं टेप लावून सगळं पाहिलं. कट्टा सोडल्यामुळे घराला धोका नाही म्हणाला. पुन्हा भरून काढता येईल का, तर काळी माती भरली तर ती पहिल्या पावसात फुगेल आणि फरशी उचलून देईल. (काळ्या मातीचं मला सांगायला नको. श्रावणात आमचं मागचं दार लागत नाही आणि वैशाखात त्याच दाराच्या फटीतून मांजर येतं.) मुरूम भरायचा तर ट्रक गल्लीत शिरत नाही. तेव्हा आहे तेच ठेवा, खाली कोबा करा, उंची मस्त मिळाली आहे, हा त्याचा निकाल. पण पायऱ्या दुपटीनं वाढल्या आणि चढही उभा झाला. तुमच्या गुडघ्यांचा आणि त्या जिन्याचा संबंध जुळणार नाही हे पियुषला तुम्हाला न बघताही कळलं.

इथपर्यंत मी हसत होते, ताई. पण परवा जेवताना हे घास हातात धरून बसून राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, अक्का पडली तेव्हा कितीतरी वेळ कुणी नव्हतं तिच्याजवळ. मला तिला इथे आणायचं होतं. आता काय तोंड दाखवू. मला फार वाईट वाटलं. भाषेचा कितीही अट्टाहास असला तरी हा माणूस मनानं तुमचा लहान भाऊच आहे, हे मला कळतं. त्यांचं पान तसंच राहिलं आणि मी भाताचा कुकर न उघडताच उठले. येत्या रविवारी ते तुमच्याकडे येणार आहेत. खोली होत नाही, तू अकोल्यालाच राहा, आपण रात्रंदिवस राहणारी बाई बघू, असं काहीतरी सांगणार आहेत. चेहरा लांबट असेल. त्यांना आधी लिंबाचं सरबत द्या, मग बोलू द्या.

बाकी ठीक. कूलरची खस बदलून घेतली का? दुपारी दार आतून लावून झोपत जा आणि न्हाणीघरात जाताना फोन सोबत घेत जा. तानुबाईला माझा निरोप सांगा. चूकभूल माफ असावी.

तुमची,
संध्या

ता. क. १ : चेंडूबद्दल मी गंमत केली. तो रोज दाबा.

ता. क. २ : खरी विनंती लिहायची राहिलीच. रविवारी बापूसाहेबांचं सगळं बोलून झालं की तुम्ही एवढंच विचारा : बापू, तुझं तळघर थंड हाये, कोरडं हाये, वाळवी नाई, वस्तू पन्नास वर्षं जशीच्या तशी राह्यते, मंग पुस्तकं तिथं काहून नाई ठेवत? जिथं मी राहू शकत होती तिथं कादंबऱ्या मरतीन का? आणि मग म्हणा, मले समोरची रूम दे. रूमच म्हणा. हे सगळं मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं आहे, पण मी सांगितलं की ते व्याख्यान देतात. तुमच्यापुढे ते देता येत नाही, हे मी लग्नाच्या मांडवातच पाहिलं होतं. नत्थुजींचा कट्टा चारही बाजूंनी इतका सरळ आहे की त्यावर उंच कपाटं सहज उभी राहतील. पियुषनं मोजून पाहिलं आहे. मी त्याला मोजायला सांगितलं होतं.

ता. क. ३ : आता एवढं लिहिलं आहे तर हेही. वलगावचं बारसं एका दुपारचंच होतं. बापूसाहेबांचा फोन आला त्या सकाळी मी घरीच होते. नत्थुजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बाई, सर म्हनते खोली वाढवा. थे रूम म्हनून राहिले का खोल म्हनून राहिले? ताई, मी भाजी फोडणीला टाकली, झाकण ठेवलं, आणि मग म्हटलं, नत्थुजी, सर मराठीचे प्राध्यापक आहेत. त्यांना रूम म्हणायचं असतं तर ते रूम म्हणाले नसते का?

ते म्हणाले, बराबर हाये. आणि कुदळ घेऊन खाली गेले.

तेव्हा सामान बांधायला घ्या. दर्शनी खोलीतली खिडकीजवळची दोन कपाटं मी कालच रिकामी करून पुसून ठेवली आहेत. यांना वाटतं, मी डांबरगोळ्या ठेवते आहे.